काचेतलं जर्मन

"डॉक्टरीणबाई, हे काय म्हणायचं?"

आप्पा मगदुमांनी दोन बोटांच्या चिमटीत एक छोटी बाटली धरली होती. मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर टाकायला न्यावा, तशी. बाटली कॅल्शियमच्या इंजेक्शनची होती आणि प्लास्टिकची होती. यातल्या पहिल्या गोष्टीशी आप्पांना काही देणंघेणं नव्हतं.

"औषध आहे, आप्पा."

"औषधाचं इचारत न्हाई मी. बाटलीचं इचारतोय."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कृष्णाकाठच्या एका गावातल्या धर्मादाय रुग्णालयात मी नवजात बाळांची डॉक्टर होते आणि आप्पा त्या रुग्णालयाचे अध्यक्ष होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, आणि सगळ्या गावाचं भलं करून सोडण्याचा दांडगा उत्साह. त्या वर्षी जिल्ह्यात प्लास्टिकमुक्त संस्थांना पुरस्कार मिळणार होता, आणि तो आपल्याच रुग्णालयाला मिळायला हवा असं आप्पांनी मनावर घेतलं होतं. खुर्च्या गेल्या, बादल्या गेल्या, पाण्याचे पेले गेले. बसायला लोखंडी बाकडी आली आणि रुग्णांचे नातेवाईक मान अवघडून घरी जाऊ लागले. सलाइनच्या पिशव्यांवरही आप्पांचा डोळा होता, पण सर्जनसाहेबांनी हात जोडले म्हणून त्या वाचल्या. आमच्या विभागात पेट्या होत्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ज्यात ठेवतात त्याला सगळेच काचेची पेटी म्हणतात. ती प्लास्टिकची असते. हे मी आप्पांना कधी सांगितलं नाही.

"ह्याच औषधाच्या काचेच्या बाटल्या मिळत्यात," आप्पा म्हणाले. "मी चौकशी केलीया. म्होरल्या सोमवारपास्नं काचेच्या येतील. काच कशी, सोच्छ."

"आप्पा, या औषधाला काच चालत नाही."

"का वो? इतकी वर्सं चालली की."

"काचेत अॅल्युमिनियम असतं. औषध भरून बाटल्या वाफेत तापवतात, तेव्हा ते काचेतून सुटतं, आणि हे औषध ते ओढून घेतं. मग ते सरळ बाळाच्या शिरेत जातं."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. पोट धरून हसले. बरोबरचे दोघे विश्वस्तही हसले. ते आप्पा हसले की हसायचे.

"बाई, ह्ये तुमी मला सांगताय? जर्मनचं? मला?"

ते का हसले, हे सांगायला हवं. आमच्याकडे अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनची कढई. का म्हणतात ते कुणाला ठाऊक नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. आप्पांच्या आईला म्हातारपणी विसर पडत गेला. आधी चूल विसरली, मग वाट विसरली, शेवटी आप्पांनाच 'तू कुणाचा रं?' असं विचारू लागली. ती गेल्यावर आप्पांनी कुठल्याशा दिवाळी अंकात वाचलं की जर्मनची भांडी मेंदूला अपाय करतात. म्हाताऱ्या माणसांचा विसर आणि भांडी यांचा संबंध अजूनही कुणी धडपणे सिद्ध केलेला नाही. पण आप्पांना गुन्हेगार हवा होता आणि तो घरातच, फळीवर पालथा घातलेला सापडला. त्यांनी दारोदार फिरून जर्मनची भांडी गोळा केली आणि बदल्यात स्टीलची दिली. शाळाशाळांतून व्याख्यानं दिली. पुढं त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं मोठं दुकान झालं. आधी तत्त्व की आधी दुकान, यावर गावात चहाबरोबर चर्चा चाले. पण मी सांगते, माणूस मनापासूनचा होता. त्यामुळेच तर त्याच्याशी भांडणं अवघड होतं.

"ह्या गावातनं जर्मन मी हाकललंय," आप्पा म्हणाले. "आता ते काचेतनं येतंय म्हणा! उद्या म्हणाल, दुधातनं दगड येत्यात."

सोमवारी काचेच्या बाटल्या आल्या.

आमच्याकडे तेव्हा वैजयंता गुरवचं बाळ होतं. शिरोळकडची पोर, वय विशीच्या आतबाहेर. नवरा ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायचा आणि हंगामात फारसा दिसायचा नाही. मुलगा सातव्या महिन्यातच जन्मला. मग त्याचं आतडं सडलं आणि बरंचसं कापून टाकावं लागलं. उरलेलं आतडं बरं होईपर्यंत त्याला तोंडातून थेंबसुद्धा देता येत नव्हता. साखर, प्रथिनं, चरबी, क्षार, सगळं नळीनं शिरेतून. वैजयंता त्याला नळीतलं जेवण म्हणायची. ते एकदोन दिवसांचं काम नव्हतं, कित्येक आठवडे चालणार होतं, आणि त्या जेवणात रोज कॅल्शियम घालावं लागत होतं.

माझा जीव इथंच अडकला होता. तोंडातून गेलेलं अॅल्युमिनियम पोट बहुतेक सगळं बाहेर टाकतं. शिरेला असा पहारेकरी नसतो. मोठ्या माणसाची मूत्रपिंडं ते निदान गाळून टाकतात. या पोराची मूत्रपिंडं अजून कामाला लागायची होती. मग ते साठतं, हाडांत आणि मेंदूत. कॅल्शियम बंद करावं तर हाडं खडूसारखी होणार. चालू ठेवावं तर त्याच्याबरोबर जर्मन जाणार, आणि तेही सोसेल त्याच्या कितीतरी पट.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांच्या दुकानात गेले. चकचकीत हंड्यांच्या उतरंडीमागे ते बसले होते. मी जगातल्या अभ्यासांचे दाखले दिले, आकडे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला उसाचा रस पाजला आणि म्हणाले, "बाई, तुमी शिकलेली मानसं. पर शिकलेल्या मानसाला कंपन्या बनवत्यात. ह्यो प्लास्टिकवाल्यांचा डाव हाय."

"मग बाटली तपासायला पाठवा."

"पाठवा की. पुरस्काराची समिती येऊन जाऊ दे, मग पाठवा."

मी रस अर्धा ठेवून उठले.

त्याच आठवड्यात आणखी एक प्रकार झाला. रुग्णालयाच्या मागे नातेवाइकांसाठी स्वयंपाकाची शेड होती. तिथं आप्पांचा नियम होता: जर्मन द्या, स्टील न्या. कुणी जर्मनचं भांडं घेऊन आलं की ते फाटकावरच ठेवून घ्यायचं आणि नवं स्टीलचं द्यायचं. वैजयंता लग्नात मिळालेलं जर्मनचं पातेलं घेऊन आली होती. नेमके आप्पा स्वतः फाटकावर होते. मी नुकतीच गाडी लावत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"ह्याच्यात रांधून खातीस?"

"व्हय."

"पोटुशी असताना बी?"

"व्हय की."

"मग लेकरू येळंच्या आदी येणार न्हाई तर काय हुणार, पोरी?" आप्पा अगदी मायेनं म्हणाले. "ह्ये इख हाय, इख. डोस्क्यावर जातंय. आता तरी शानी हो." आणि त्यांनी तिच्या हातात कोरं करकरीत स्टीलचं पातेलं ठेवलं.

मी तिला वर बोलावून सांगितलं की तसं काही नसतं. ती मान हलवत राहिली. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, मन राखायला बोलतात, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी पडले परगावची, कालची आलेली. आप्पांचं नाव तिनं शाळेत असल्यापासून ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती पेटीपासून चार हात लांब उभी राहायची. सिस्टर म्हणायच्या, "अगं, पेटीच्या खिडकीतून हात घाल, शीव त्याला. बरं वाटतं त्याला." ती पदर दोन्ही मुठींत धरायची आणि नुसती बघत राहायची. मी राउंडला गेले की एकच प्रश्न. "त्याच्या डोस्क्यावर काय झालं न्हाई न्हवं?"

"अजून तरी सगळं ठीक आहे."

हे मी तिला सांगत असताना वरच्या नळीतून आप्पांच्या स्वच्छ काचेतलं कॅल्शियम थेंबथेंब उतरत असे. त्या दिवसांत मला फार राग यायचा. आप्पांचा यायचा, नळीचा यायचा, आणि का कोण जाणे, त्या कोऱ्या पातेल्याचाही यायचा.

शेवटी मार्ग काढला सिस्टर रेबेका भोरे यांनी. त्या आमच्या विभागाच्या मुख्य परिचारिका. स्वभावानं कडक, आणि रविवारची प्रार्थना कधी न चुकवणाऱ्या. त्यांचा भाऊ मिरजेला औषधांच्या दुकानात होता.

"डॉक्टर, प्लास्टिकच्या बाटल्या मी आणते," त्या म्हणाल्या. "जेवणाच्या डब्यातून."

"सिस्टर, ही चोरी झाली."

"चोरी बाहेर नेतात. आपण आत आणतोय."

अशा रीतीनं प्लास्टिकमुक्त रुग्णालयात प्लास्टिकची तस्करी सुरू झाली. सिस्टरांचा चार पुडांचा स्टीलचा डबा सकाळी मिरजेहून यायचा आणि त्यात भाजीभाकरीच्या जागी कॅल्शियम असायचं. सिस्टर दुपारी इतरांच्या डब्यात जेवायच्या आणि कंजूष म्हणून नाव कमवायच्या. रिकाम्या बाटल्या मी पर्समधून घरी न्यायचे. गुरवांच्या बाळाला आता काचेतलं एक टिपूसही जात नव्हतं. आधी जे गेलं होतं ते मात्र गेलंच होतं, आणि ते परत काढून घेण्याची सोय नव्हती.

मग पुरस्काराची समिती आली. तिघे जण होते. अध्यक्षा होत्या निवृत्त प्राचार्या नलिनी बेडगे, रसायनशास्त्राच्या. त्यांनी बाकडी पाहिली, घागरी पाहिल्या, कापडी पिशव्या पाहिल्या. आप्पा फेटा बांधून पुढं, आम्ही मागं. सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. आमच्या विभागाच्या दारात वैजयंता उभी होती. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जर्मनच्या पातेल्याची हकिकत समितीला थोडक्यात सांगितली. तिनं मान खाली घातली. मी दात आवळून उभी राहिले. मग सगळे परिचारिकांच्या खोलीत आले. फळीवर सिस्टरांचा डबा होता.

"आता ह्ये बगा," आप्पांना राहवेना. "आमच्या नर्सा घरचं जेवान बी स्टीलमधनंच आणत्यात. सक्ती न्हाई बरं का, सोताहून!"

सिस्टर म्हणाल्या, "आप्पा, राहू द्या, आमटी सांडेल."

पण आप्पांनी कौतुकानं डबा उघडला. पहिल्या पुडात बाटल्या होत्या. दुसऱ्यातही. आप्पांनी तिसरा पूड उघडला नाही. त्यांचा चेहरा बघून मला क्षणभर, खरं सांगते, वाईट वाटलं.

"ह्ये कुणी आणलं?"

"मी आणवलं," मी म्हणाले.

"माझ्या रुग्णालयात? चोरून? आज?"

प्राचार्याबाईंनी एक बाटली उचलून उजेडात धरली. "औषध आहे हो हे. एवढं काय झालं? औषधाचं प्लास्टिक आमच्या नियमांत धरतच नाहीत."

"धरत न्हाईत?" आप्पांनी विचारलं.

"नाही. पहिल्या पानावरच लिहिलंय."

पहिलं पान आप्पांनी वाचलं नव्हतं. कुणीच वाचलं नव्हतं. विश्वस्त एकमेकांकडे बघू लागले.

"मग ह्या बाई चोरून का आणतील?" आप्पांचा आवाज चढला. "काचेच्या बाटल्या दिल्या की मी! काय म्हणं, काचेतनं जर्मन येतंय! सांगा ह्यांना. तुमी तर रसायनवाल्या!"

प्राचार्याबाईंनी चष्मा काढला. "येतं ना," त्या साधेपणानं म्हणाल्या. "तापवलेल्या काचेतून येतं. आणि हे तर कॅल्शियम ग्लुकोनेट. ते चांगलंच खेचून घेणार."

आप्पा हातातल्या डब्याकडे बघत होते. आधी पुरस्कार गेला नाही याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर येऊ बघत होता, आणि मग तो येता येता थांबला.

पुरस्कार मिळालाच. टाळ्या झाल्या, नारळ झाले, फोटो झाले. पाहुणे गेल्यावर आप्पा परत वर आले. फेटा काढलेला होता, हातात नेहमीची टोपी होती. लोखंडी बाकड्यावर बसले.

"बाई, ते काचेतलं किती दिस गेलं त्याच्या अंगात?"

"सिस्टरांचा डबा सुरू होईपर्यंत."

"पातेल्यातनं जातंय त्याच्यापरीस जास्त?"

"पातेल्यातलं पोटात जातं, आप्पा. पोट ते टाकून देतं. हे सरळ रक्तात गेलं."

"आन डोस्क्यावर?"

"जाऊ शकतं. या बाळाच्या गेलं की नाही, ते आज कुणीच सांगू शकणार नाही."

ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. ज्या माणसानं सगळ्या जिल्ह्याला जर्मनचं भय घातलं, त्याला ते भय आता स्वतःच्या नावानं मिळालं होतं. मला वाटलं होतं, या दिवशी मला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

"त्या पोरीला सांगायचं का?" त्यांनी विचारलं. "अडाणी हाय. तिला काय कळतंय. उगं जिवाला घोर."

"पातेल्याचं सांगितलंत तेव्हा तिला कळलं होतं की."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले. "चला," म्हणाले. "मीच सांगतो. तुमी नुसतं संगं या."

पोरगं वाचलं, हे इथंच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव उगाच टांगणीला लागेल. काही आठवड्यांनी ते तोंडानं दूध पिऊ लागलं, पुढं चाललं, बोललं, शाळेत गेलं. गणितात कच्चं आहे म्हणे. गणितात मीही कच्ची होते. पण माझ्याबाबतीत कुणाला कधी शंका आली नाही, आणि त्याच्याबाबतीत मला अजून येते.

वैजयंता स्वयंपाकाच्या शेडमध्ये होती. दुपारची वेळ, दुसरं कुणी नव्हतं. आप्पांना बघून ती झटकन उठली आणि डोक्यावरचा पदर सारखा करत भिंतीशी सरकली.

"बस, पोरी," आप्पा म्हणाले. ती बसली नाही. मग तेच पुढं होऊन भिंतीकडच्या कट्ट्यावर टेकले, ती समोर आली, आणि ते पुन्हा उठून उभे राहिले. इतक्या व्याख्यानांचा धनी, पण शब्द सापडत नव्हता.

"तुझ्या लेकराच्या अंगात जर्मन गेलंय," ते एकदम म्हणाले.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मला ठावं हाय," ती म्हणाली. "माज्या पातेल्यातनं."

"न्हाई. ऐक. आमच्या बाटलीतनं. औशदाच्या. काचेच्या बाटल्या मी आणल्या, ह्या बाईंनी नगं म्हणून सांगितलं हुतं, तरी आणल्या. त्याच्यातनं गेलं."

आप्पांनी खांदे पाडले. आता ती ओरडेल, शिव्या देईल, नवऱ्याला बोलावीन म्हणेल, असं मला वाटलं. मी मनातल्या मनात सरकारी चौकशीपर्यंत जाऊन आले.

"म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "पातेल्यातनं न्हाई?"

"न्हाई."

"आन त्यो येळंच्या आदी आला, त्ये?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ते त्यांनीच बोलायचं होतं.

"त्ये बी पातेल्यानं न्हाई," आप्पा म्हणाले. "मी... माझं चुकलं त्ये सांगण्यात."

तिनं तोंडावर पदर धरला आणि आतून असा हुंदका फुटला की बाहेरचा पहारेकरी डोकावून गेला. "सासूबाई म्हनत्यात, तूच खड्ड्यात घातलंस लेकराला," ती रडत रडत सांगत होती. "मला हात लावाय भ्या वाटत हुतं त्याला. म्हनलं, माजा हात लागला आन आनिक काय झालं म्हंजे? इतकं दिस झालं, मी शिवले न्हाई वं माज्या लेकराला..."

आणि ती रडता रडता हसायला लागली. आम्ही तिच्या मुलाच्या रक्तात विष घातल्याची कबुली द्यायला आलो होतो, आणि ती पोर देवीचा कौल मिळाल्यासारखी उजळली होती. मला तिच्यावरही राग आला. अगं, आता तरी चीड, असं मला तिला सांगावंसं वाटत होतं.

ती चिडली नाही. तिनं पदर खोचला, खाली वाकली आणि आप्पांच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं.

"तुमी थोर, आप्पा. तुमी सोता येऊन सांगितलासा. दुसऱ्या कुनाचं मला पटलं नसतं. जल्मभर जळत ऱ्हायले असते मी."

आप्पांनी पाय मागे घेतले. तिनं ते सोडले नाहीत. आणखी मागे सरकायला गेले, तर मागे भिंत होती. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"अगं ऊठ," ते म्हणाले. "ऊठ की, पोरी." ती उठेना. मग त्यांनी भरल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टरीणबाई, उठवा की वो तिला. पाया पडतो तुमच्या, तिला उठवा."

मी जागची हलले नाही.